कम्युनिटी कॉलेजात जिऑलॉजी: एक सेमिस्टर केलं, त्यालाही आता सहा महिने झाले

आधीच सांगते, हा कोर्स मी नोकरीसाठी वगैरे केला नाही. आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला राहतो. घर घेताना कागदांच्या गठ्ठ्यात एक जाहीरनामा असतो, पूर येतो का, वणवा येतो का, फॉल्ट झोन (जमिनीतल्या सरकणाऱ्या भेगेचा पट्टा) आहे का, त्यावर सही केली होती आणि विसरून गेले होते. हेवर्ड फॉल्ट आमच्या घरापासून गाडीने सात-आठ मिनिटांवर आहे, सेंट्रल पार्कमधून जातो, तिथे आम्ही दर रविवारी चालायला जायचो आणि पायाखाली काय आहे याचा पत्ताच नाही. मुलगी नववीला गेली, संध्याकाळ मोकळी मिळायला लागली, म्हटलं कायतरी शिकू, आणि कॅटलॉगमध्ये योगा आणि अकाउंटिंगच्या मध्ये हे दिसलं.

आणि हो, मी कराडची, सिव्हिल केलेली. दुसऱ्या वर्षाला आम्हाला इंजिनिअरिंग जिऑलॉजी होता. होता म्हणजे जर्नल होतं, जे मी मैत्रिणीचं कॉपी केलं आणि तिने तिच्या सीनियरचं, प्रॅक्टिकलला डब्यातल्या दगडांचे नंबर पाठ, तीन नंबर बेसॉल्ट, सात नंबर ग्रॅनाइट, आणि ऐन परीक्षेत कोणीतरी डबाच बदलला. पास झाले कशीबशी. त्यामुळे मला वाटलेलं की इथे हसतखेळत होईल. नाही झालं.

पैशांचं पहिलं बोलते कारण सगळे तेच विचारतात. कॅलिफोर्नियात रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी 46 डॉलर पर युनिट (म्हणजे क्रेडिट) आहे. लेक्चर 3 युनिट आणि लॅब 1 युनिट, म्हणजे 184 डॉलर, वर हेल्थ फी, पार्किंग असं किरकोळ. पुस्तक फुकट होतं, ओपन पीडीएफ, वेळापत्रकात अशा वर्गांपुढे पुस्तकाचा खर्च शून्य अशी खूण असते ती बघूनच घ्या. फक्त एक लफडं झालं, मला सिस्टिमने बाहेरचा विद्यार्थी धरलं आणि बिल आलं हजाराच्या वर. दोन आठवडे कागद पाठवत होते, घराचे, टॅक्सचे, लायसनचे, फोन केला की वेगळाच माणूस उचलायचा आणि परत पहिल्यापासून. शेवटी प्रत्यक्ष जाऊन खिडकीपाशी उभी राहिले तेव्हा दहा मिनिटांत झालं. तुम्ही अर्ज केलात की स्टेटस लगेच तपासा, नाहीतर रजिस्ट्रेशनची तारीख हुकते.

आता मुद्द्याचं. लेक्चर आणि लॅब वेगवेगळे घेता येतात आणि लेक्चर बहुतेक ठिकाणी ऑनलाइन मिळतं. माझं ऑनलाइनच होतं आणि खरं सांगू का, ठीकठाक. व्हिडिओ जुने, दर रविवारी रात्री बारापर्यंत क्विझ, आणि ते एक डिस्कशन असतं ज्यात आपण काहीतरी लिहायचं आणि अजून दोघांच्या पोस्टला उत्तर द्यायचं, तर निम्म्या पोस्ट एकाच छापाच्या, एआयकडून लिहून घेतलेल्या, वाचून डोकं उठायचं. प्लेट टेक्टॉनिक्सचे (पृथ्वीच्या कवचाचे तुकडे, म्हणजे प्लेट्स, कसे सरकतात ते) दोन आठवडे मस्त होते, हिमनद्या आणि वाळवंटं नुसती उरकली, भूजल तर एका व्हिडिओत संपलं. फक्त लेक्चर घेऊन युनिट गोळा करायची असतील तर करा बापडे, पण मग जिऑलॉजी केलं असं म्हणू नका, कारण हा विषय लॅबमध्ये आहे.

लॅब मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ. वर्गात सतरा वर्षांची पोरं, एक प्लंबर, एक रिटायर्ड नर्स आणि मी. पहिल्या दिवशी प्रत्येक टेबलावर एक ट्रे: काचेचा तुकडा, खिळा, तांब्याचं नाणं, लोहचुंबक, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडची ड्रॉपरची बाटली, आणि स्ट्रीक प्लेट, म्हणजे ग्लेझ न केलेल्या पोर्सिलीनची पांढरी फरशी. आणि वीस खनिजं, नावं नाहीत. बाईंनी सांगितलं, नाव शोधू नका, आधी लिहा काय दिसतंय ते. कडकपणा, चकाकी, रेघेचा रंग, कसं फुटतं. नाव सगळ्यात शेवटी.

आणि इथे माझी गंमत झाली. हेमटाइट बाहेरून चकचकीत स्टीलसारखं, पण फरशीवर ओढलं की रेघ आली लालसर तपकिरी, आणि मी मोठ्याने म्हटलं, अगं हा तर गेरू! आमच्याकडे अंगणात तुळशीवृंदावनाला लावतात तो. मग रांगच लागली. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी. टाल्क म्हणजे शंखजिरं. मायका म्हणजे अभ्रक. हॅलाइट म्हणजे आपलं सैंधव, ते चाखून ओळखतात, पण आमच्या लॅबमध्ये चाटू नका अशी पाटी होती कारण आधीच्या कित्येक बॅचेसनी तोच खडा चाटलाय. कॉलेजात असताना हे कोणी सांगितलं असतं तर जर्नल कॉपी करायची वेळ आली नसती. तिथे मराठीत शिकलेल्या पोरांना इंग्रजीत नावं पाठ करायला लावली आणि घरात, अंगणात तेच पडलेलं होतं.

सगळंच असं सोपं नाही हां. ऑजाइट आणि हॉर्नब्लेंड, दोन्ही काळे, दोन्ही सारखेच कडक, फरक काय तर क्लीव्हेजचा, म्हणजे खनिज ज्या सपाट पातळ्यांवर फुटतं त्यांच्यातला, कोन, एकात जवळपास 90 अंश आणि दुसऱ्यात 60 आणि 120. कागदावर सोपं, हातात नखाएवढा तुकडा घेऊन ट्यूबलाइटखाली बघा म्हणजे कळेल. प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजावर बारीक समांतर रेघा असतात त्या मला सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा दिसल्या, तोपर्यंत दिसल्यासारखं करत होते. कॉलेजचे नमुने वर्षानुवर्षं वापरून झिजलेले, प्रत्येकावर शंभर ओरखडे, मग आपण मारलेली रेघ ही खरी खाच आहे की नुसती पावडर हे कसं कळणार? (उत्तर: बोटाने पुसून बघा, पावडर असेल तर पुसली जाते, खाच असेल तर राहते. हे बाईंनी चौथ्या आठवड्यात सांगितलं, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.)

हँड लेन्स स्वतःची घ्या, 10 पटवाली. कॉलेजच्या लेन्सेस धूसर असतात. आणि ती डोळ्याला चिकटवून दगड जवळ आणायचा, मी पहिला महिना शेरलॉक होम्ससारखी लांब धरून बघत होते.

नवव्या आठवड्यात एक प्रकार झाला. कपाटातला जुना ड्रॉवर उघडायला दिला होता, एका खोक्यात बेसॉल्टच्या पोकळीत पांढरे-गुलाबी स्फटिक, आणि पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर टाइप केलेलं, स्टिल्बाइट, पूना, इंडिया. पूना! झिओलाइट गटातली ही खनिजं पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतून जगभरच्या संग्रहांत गेलीत. लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे राहतात, नंतर पाणी झिरपतं आणि त्या पोकळ्यांत सावकाश स्फटिक वाढतात. कॅव्हन्साइट म्हणून एक निळंशार खनिज आहे, ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ओरेगनमध्ये, पण बघण्यासारखे नमुने निघाले ते आपल्या वाघोलीच्या खडीच्या खाणींतून. वाघोलीला माझी नणंद राहते, तिला फोन करून सांगितलं तर म्हणाली, आमच्याकडे त्या खाणींची धूळच येते फक्त.

बेसॉल्टच्या लॅबला तर मी भावच खाल्ला. डेक्कन ट्रॅप्स साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले, सह्याद्रीचे ते पायऱ्यापायऱ्यांसारखे डोंगर म्हणजे एकावर एक लाव्ह्याचे थर. प्लंबरने विचारलं, मग तुमच्याकडे वाळू-चुनखडी काही नाही? मी म्हटलं आमच्या जिल्ह्यात बघावं तिकडे काळा पाषाण, तो कुजला की मुरूम, अजून कुजला की काळी माती, आणि कोकणाच्या बाजूला जांभा. कुजला हाच शब्द आपण वापरतो ना, आणि वेदरिंगचा, म्हणजे खडक झिजून सुटा होण्याचा, अख्खा धडा हाच आहे.

फील्ड ट्रिप दोन होत्या. पहिली हेवर्ड गावात, चालत. हा फॉल्ट भूकंप न होताही सरकत असतो, वर्षाला साधारण 5 मिलिमीटर. त्यामुळे फुटपाथच्या कडा सरळ रेषेत असायच्या त्या तुटून बाजूला गेलेल्या दिसतात. फॉल्टवरच बांधलेला जुना सिटी हॉल बंद पडलाय. एका कोपऱ्यावरची एक कड अभ्यासक पिढ्यान् पिढ्या फोटो काढून मोजत आले होते आणि 2016 मध्ये महापालिकेने व्हीलचेअरचा उतार करायला ती काढून नवीन बसवली. महापालिकेचं चुकलं म्हणता येत नाही, पण बाईंना अजून राग आहे. याच फॉल्टवर 21 ऑक्टोबर 1868 ला मोठा भूकंप झाला होता, आणि सॅन अँड्रियास या दुसऱ्या फॉल्टवरचा 1906 चा होईपर्यंत बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) त्यालाच मोठा भूकंप म्हणत. त्या रात्री घरी आल्यावर वॉटर हीटरचे पट्टे तपासले, बुकशेल्फ भिंतीला स्क्रूने आवळलं आणि पलंगाखाली बूट ठेवले. नवऱ्याला सात वर्षं सांगत होते ते काम कोर्समुळे एका रात्रीत झालं, तेही मीच केलं ही गोष्ट वेगळी.

दुसरी ट्रिप मरीन हेडलँड्स, गोल्डन गेट पुलाच्या पलीकडे. बस मिळणार होती ती ऐनवेळी रद्द, आपापल्या गाड्यांनी या, टोल आपला. पण तिथला लाल चर्ट, म्हणजे सिलिकाचा कडक दगड! बोटभर जाडीचे थर, पापडांच्या चळतीसारखे, पण दुमडलेले, मुरडलेले. लेन्समधून बघितलं तर बारीक ठिपके दिसतात, ते रेडिओलॅरिया, समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे सिलिकाचे सांगाडे. हे विषुववृत्ताजवळच्या खोल समुद्रात काही कोटी वर्षं कणाकणाने साचलं आणि प्लेटवर बसून इथपर्यंत आलं. आपण टूरिस्ट लोक तिथे पुलाचा फोटो काढायला या दगडालाच पाठ टेकून उभे राहतो. माझाही 2014 चा तसाच फोटो आहे, शोधून काढला.

भूकंपाच्या असाइनमेंटला मी कोयना घेतला. 11 डिसेंबर 1967, पहाटे, तीव्रता 6.3 च्या आसपास. आमची आजी सांगायची की आधी भांडी वाजली, मग म्हशी ओरडल्या, आणि नंतर महिनाभर सगळी अंगणात झोपली, थंडीत. लहानपणी ती गोष्ट म्हणून ऐकली. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का या विषयात जगभर कोयनेचं उदाहरण देतात हे माहीत होतं, पण तिथे अभ्यासासाठी खोल बोअर घेतलीय, 3 किलोमीटरची, आणि बेसॉल्ट संपल्यावर खाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा खडक) लागला, आणि त्यासाठीची केंद्र सरकारची प्रयोगशाळा चक्क कराडला आहे, हे मला फ्रीमाँटच्या किचन टेबलावर बसून कळलं. आईला फोन केला, तिला प्रयोगशाळेचा रस्ता माहीत होता. म्हणाली, ते होय, बोअरवाले.

परीक्षेचं थोडक्यात. लॅब प्रॅक्टिकल 25 स्टेशनं, प्रत्येकी दीड मिनिट, घंटा वाजली की पुढे. मी कॅल्साइटच्या जागी जिप्सम लिहिलं, ॲसिड टाकून फसफसतं का बघायचं सुचलंच नाही, घाई. टोपो मॅपमध्ये (चढउतार दाखवणारा नकाशा) मात्र सर्व्हेइंग कामाला आलं, फक्त इकडे सगळं फुटांत आणि मैलांत, 1:24,000 म्हणजे एक इंच बरोबर 2,000 फूट हे डोक्यात बसायला वेळ लागला. शेवटी बी मिळाला. मुलीने तो फ्रिजवर लावला, पोरीने सूड उगवला.

घ्यावा का? लॅबसकट घेणार असाल तर डोळे झाकून घ्या, आठवड्याला अभ्यासाचे सहा-सात तास धरा, जास्तच. संध्याकाळच्या लॅबच्या जागा पहिल्या दोन-तीन दिवसांत भरतात. ऑनलाइन लॅब पण असते, किट घरी पाठवतात म्हणे, पण शेजारी कोणीतरी तुमचं ऑजाइट चुकीचं ओळखत बसलेलं पाहिजे, त्यात मजा आहे.

सहा महिन्यांनी काय उरलं ते सांगते. बोवेनची मालिका (वितळलेला खडक थंड होताना कुठलं खनिज आधी बनतं तो क्रम) विसरले. कालखंडांची नावं निम्मी गेली. लेन्स पर्समध्ये आहे, किल्ल्यांच्या जुडग्याला. ग्रोसरी स्टोअरच्या बाहेरच्या ग्रॅनाइटच्या कुंडीपाशी थांबते तेव्हा मुलगी चार पावलं पुढे जाऊन आमचा संबंध नसल्यासारखी उभी राहते. दीर जुलैमध्ये येतोय, त्याला परसातल्या काळ्या दगडाचा एक तुकडा आणायला सांगितलाय, घासून धुऊन आण म्हटलं, माती चिकटलेली चालत नाही. तो म्हणाला वहिनी, लोक चितळ्यांची बाकरवडी मागवतात.

ऑगस्टमध्ये सिएरा नेवाडाच्या डोंगरांत जाणारा एक युनिटचा वीकेंडचा फील्ड कोर्स आहे. वेटलिस्टवर माझा चौथा नंबर आहे.