लॅब्राडोराइटची अंगठी आणि लॉकेट: नऊ महिने वापरल्यानंतर

जयपूरच्या जोहरी बाजारातून एकाच खेपेत दोन खडे घेतले, दोन्ही घुमटासारखे पॉलिश केलेले. एकाची चांदीत अंगठी केली, दुसऱ्याचं लॉकेट. लॉकेट आजही नव्यासारखं आहे. अंगठीचं रडगाणं पुढे सांगते.

नुसता ठेवला तर हा खडा ओल्या पाटीसारखा दिसतो, राखाडी आणि अगदी साधा. जरासा कलवला की आतून निळा रंग पेटतो आणि आणखी थोडा कलवला की गप्प विझतो. हा रंग दगडाच्या अंगचा नाही. लॅब्राडोराइट म्हणजे प्लॅजिओक्लेज जातीचा फेल्डस्पार, खडकांत सर्रास आढळणाऱ्या खनिजांच्या कुटुंबातला. जमिनीखालचा वितळलेला खडकरस (मॅग्मा) अगदी सावकाश थंड होताना या खनिजाच्या आत सोडियम जास्त असलेले आणि कॅल्शियम जास्त असलेले अतिसूक्ष्म थर वेगळे होतात, आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा हा खेळ. थर पातळ असतील तर निळा, जाड असतील तर सोनेरी-तांबूस.

थर एकाच दिशेला असल्यामुळे झळाळीलाही दिशा असते, आणि इथेच मी फसले. पहिले दोन महिने ऑफिसात समोरची मैत्रीण "काय चमकतोय गं!" म्हणायची आणि मला मात्र राखाडी ठिपका दिसायचा. शेवटी अंगठी काढून उलटी घातली, तर निळा रंग माझ्याकडे! सोनाराने खडा बसवताना कोणत्या बाजूने बघायचं हे विचारलंच नव्हतं, आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं.

आता रडगाणं. याचं काठिण्य, म्हणजे ओरखड्याला तोंड देण्याची ताकद, 1 ते 10 च्या मोह्स मापावर 6 ते 6.5. घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, ते 7 चे. म्हणजे ओढणीने खसाखसा पुसणं हेसुद्धा घासणंच. चौथ्या महिन्यापर्यंत माथ्यावर बारीक चरे आले, झळाळी धुरकटली. त्यात हा दगड दोन दिशांना सरळ फाटतो. लोकलच्या दांड्यावर हात आपटला आणि कडेचा टवका उडाला, अगदी सपाट, कापल्यासारखा. पुन्हा पॉलिश करून घेतली, खडा थोडा लहान झाला. आता कणीक मळताना, भांडी घासताना अंगठी डब्यात. धुवायला कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश. सोनाराला अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये (ध्वनीच्या कंपनांनी दागिने धुणाऱ्या) टाकू देत नाही.

नाव कॅनडातल्या लॅब्राडोरवरून पडलं, तिथे 1770 च्या सुमारास तो युरोपीय लोकांना सापडला. फिनलंडचा सगळ्या रंगांत चमकणारा प्रकार 'स्पेक्ट्रोलाइट' म्हणून विकतात, तो माझ्या बजेटबाहेरचा. ओट्यासाठी 'ब्लू पर्ल' नावाने मिळणारा निळसर चमचमता दगड मात्र वेगळा: तो नॉर्वेचा लार्व्हिकाइट, त्यातला फेल्डस्पार दुसरा. गंमत म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही लॅब्राडोराइटचे स्फटिक असतात. पण तो पाषाण ज्या लाव्ह्यापासून बनला तो बाहेर पडून लवकर थंड झाला, त्यामुळे त्यांत ही झळाळी नाही.

"शनीला चालतो, नीलमऐवजी घाला," असं दुकानदार म्हणाला होता. नीलम 9 काठिण्याचा, हा 6 चा. शनीचं शनी बघेल.

घेणार असाल तर लॉकेट किंवा कानातलं घ्या. अंगठीच हवी असेल तर खड्याच्या कडा झाकणारं बंद कोंदण करून घ्या, उघड्या नख्या नकोत. आणि दुकानातल्या दिव्याखाली नाही, दारात जाऊन उन्हात गोल फिरवून बघा. माझ्या लॉकेटच्या खड्यात बारीक काळ्या रेघा आहेत, त्या दिव्याखाली दिसल्याच नव्हत्या. अर्थात आता त्या मला आवडायला लागल्यात.