ग्रॅच्युइटी मिळाली, ग्रॅच्युइटी दिली: क्रूझच्या खर्चाची वही सात महिने वापरून

ह्यांना २०२४ च्या जूनमध्ये ग्रॅच्युइटी मिळाली. वागळे इस्टेटमधल्या एकाच कंपनीत एकतीस वर्षं काढली होती. शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं, हा हिशेब आमच्या घरात वर्षभर पाढ्यासारखा घोकला जात होता. पैसे आले आणि सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचं ठरलं. आम्ही दोघं, आणि नेरूळचे दादा-वहिनी. सप्टेंबरात एजंटाचं कोटेशन आलं, त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: 'ग्रॅच्युइटी वेगळी'. चष्मा वर करून हे म्हणाले, "आता ही कोणाची?"

त्या ओळीपायी मी वही घातली. नौपाड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी, साधीच. भाच्याने मोबाइलवर रंगीत शीट करून दिली होती, पण त्यात एक आकडा चुकून पुसला गेला की वरची बेरीज शांतपणे बदलायची आणि मला पत्ता लागायचा नाही. वहीत खोडलेला आकडा दिसत तरी राहतो. सप्टेंबर ते मार्च अशी सात महिने ती रोजच्या वापरात होती, आणि नंतर रिटर्न भरेपर्यंतही कामाला आली. म्हणून हा अनुभव वहीचा, आणि तिच्यात सगळ्यात जास्त पानं खाल्लेल्या ग्रॅच्युइटीचा.

आधी ही भानगड काय ते सांगते. बोटीवर तुमची केबिन आवरणारे, जेवण वाढणारे आणि पडद्यामागे राबणारे, अशा सगळ्यांसाठी माणशी, दररोज अशी एक रक्कम आपोआप तुमच्या बोटीवरच्या खर्चाच्या खात्यावर चढते. आमच्या बोटीवर साध्या केबिनला १८.५० अमेरिकी डॉलर होते. स्वीट, म्हणजे मोठी ऐसपैस केबिन, घेतला की जास्त. मुलांनाही लागते, ती अर्धी वगैरे होत नाही. दोघांचे चार रात्रींचे १४८ डॉलर. मी सप्टेंबरात ८४ चा भाव धरून १२,४३२ रुपये लिहून ठेवले आणि निश्चिंत झाले. वहीतली ही पहिली चूक.

दुसरी चूक एजंटाची. त्याच्या मते ही 'टीप' होती आणि टीप ऐच्छिक असते, म्हणून ती किमतीत धरायची नसते. मला हे पटलेलं नाही. हॉटेलात बडीशेपेच्या वाटीत आपण दहाची नोट ठेवतो, ती टीप. जी रक्कम आधीपासून ठरलेली असते, रोज आपोआप चढते आणि काढायची तर काउंटरवर जाऊन सांगावं लागतं, ती भाड्याचाच बाहेर ठेवलेला तुकडा असतो. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये ही आपोआप लागणारी रक्कम बंदच केली, म्हणजे तिच्याशिवायही बोटी चालतात. पण आमच्या बोटीवर होती, आणि कोटेशनची तुलना करताना ती धरली नाही तर स्वस्त दिसणारी बोट महाग निघू शकते.

आता आमच्याकडे आयताच प्रयोग झाला. मी म्हटलं आधी भरून टाकू, डोक्याला ताप नको. दादा म्हणाला बोटीवर बघू. मी फेब्रुवारीत क्रेडिट कार्डाने भरले, नेमका रुपया ८७ च्या पलीकडे घसरलेला असताना. कार्डाला ८७.५० चा भाव लागला, वर परकीय चलनासाठी बँकेचा साडेतीन टक्के आकार, म्हणजे मार्कअप, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. एकूण १३,४८५ रुपये. दादाने मार्चमध्ये फॉरेक्स कार्डात (आधी परकीय चलन भरून मग वापरायचं कार्ड) डॉलर भरले ते ८६.५० ने, म्हणजे त्याच १४८ डॉलरचे १२,८०२. माझ्या शहाणपणाची किंमत ६८३ रुपये. दादा अजून ऐकवतो.

पण त्याचीही फजिती झाली. बोटीवर चढताना त्याने तेच फॉरेक्स कार्ड खात्याला जोडलं. बोट खर्च व्हायच्या आधीच काही रक्कम अडकवून ठेवते, हे त्याला ठाऊक नव्हतं. पेनांगला उतरून वहिनींना छत्री घ्यायची तर कार्डात शिल्लक दिसेना. अडकलेले पैसे घरी परतल्यावर दहाएक दिवसांनी सुटले. तेव्हा बोटीच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा आणि फॉरेक्स कार्ड बंदरात उतरल्यावरच्या खर्चाला ठेवा. वहीत हे वाक्य मी लाल पेनने लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाने टीव्हीवर खातं उघडलं. रोजचे ३७ डॉलर चढलेले बघून तो उठलाच. कोणीतरी व्हॉट्सॲपवर त्याला सांगितलं होतं की काउंटरवर जाऊन बोललं की काढून टाकतात. खरंच काढतात, बहुतेक बोटींवर तशी सोय आहे. तो चप्पल घालतोय तेवढ्यात आमची केबिन आवरणारा मुलगा टॉवेलचा हत्ती ठेवायला आला. मुलगा देवगडचा. पहिल्या दिवशी आमचं बोलणं कानावर पडल्यावर "काकू, तुम्ही ठाण्याचे काय?" असं विचारून त्याने मला जिंकलेलं होतं. दादाने त्यालाच सरळ विचारलं, हे पैसे तुला मिळतात का रे? तो म्हणाला, "सगळ्यांत वाटले जातात, काका. लाँड्रीतल्यांना तर तुम्ही बघतच नाही, त्यांनाही." आणि हत्तीचे कान नीट करत बसला. दादाने चप्पल काढली. पुन्हा तो विषय कोणी काढला नाही.

रोजच्या ग्रॅच्युइटीपेक्षा मला खटकली ती दुसरी. विकत घेतलेल्या प्रत्येक पेयावर, स्पेशल रेस्टॉरंटमधल्या जेवणावर १८ टक्के वेगळे. साडेचार डॉलरची कॉफी ५.३१ ला पडते. वर पावतीवर आणखी टीप लिहायला एक कोरी रेघ. ह्यांना कोरी रेघ सोडवत नाही, जन्मभर ऑफिसात फॉर्म भरलेत. त्यांनी तिथे २ डॉलर लिहिले आणि सही ठोकली. बुफेतला चहा फुकट होता, तो मात्र यांना आवडला नाही. पेयांचं पॅकेज घेतलं नाही ते बरं केलं: एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यावं लागतं, आणि मी दिवसाला एक लिंबूपाणी पिते.

बाकीचा खर्च फारसा सांगण्यासारखा नाही. वायफाय घेतलं नाही. पेनांगला धक्क्यावरून चालतच जॉर्जटाउनमध्ये जाता येतं, बोटीची सहल घेतली नाही. सिंगापूरला परत उतरायचं असल्यामुळे व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते बघून घेतलं.

वहीचा खरा फायदा झाला तो टीसीएसमध्ये, म्हणजे पॅकेज विकणारा आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरतो त्या आयकरात. आमच्या बुकिंगच्या वेळी परदेशी पॅकेजवर सात लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस होता. दोघांच्या पॅकेजवर सुमारे ११ हजार गेले. एजंट म्हणत होता चौघांचं एकच बिल करू, सोपं पडेल. मी दोन करून घेतली, कारण टीसीएस ज्याच्या पॅनवर कापला जातो त्याच्याच नावावर आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्नमध्ये त्यालाच मिळतो. पॅकेजवरचा ५ टक्के जीएसटी मात्र गेला तो गेलाच. वहीत मी टीसीएससाठी 'परत येणार' असा वेगळा रकाना केला होता. त्यात एकच नोंद आहे, पण २०२५ च्या सप्टेंबरात रिटर्न भरलं तेव्हा ती सापडली. दादाकडे कागद नव्हता, तो दोन दिवस एजंटाला फोन करत होता.

वहीत कमी काय पडलं, तर तारखेचा रकाना. डॉलर लिहिले, भाव लिहिला, पण कुठल्या दिवशीचा ते नाही. त्यामुळे ८४ चा आकडा पाच महिने तसाच राहिला. पुढच्या वेळी प्रत्येक डॉलरपुढे तारीख टाकेन, आणि बेरजेवर पाच टक्के जास्त धरेन.

सध्या वही समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंकडे आहे. त्यांच्या यजमानांची निवृत्ती डिसेंबरात. परवा तलावपाळीवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ग्रॅच्युइटीच्या पानावर शेवटी काहीतरी पेन्सिलीने लिहिलंय, ते कळत नाही." मी म्हटलं, ते बेरजेत धरू नका. तिथे लिहिलंय: '+ २ डॉलर (हे, कोरी रेघ बघून)'.