५० एमएम एफ १.८, सात महिन्यांनंतर: फोकस नेमका कुठे चुकत होता

ही लेन्स एप्रिलमध्ये घेतली ती बेळगावच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी. आपल्याकडची शिवजयंती वैशाखात, तिथीप्रमाणे. चित्ररथ निघतात ते पहाटेपर्यंत चालतात, आणि किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबत येते ती) तेवढा उजेड पुरत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. मिरवणुकीचे फोटो घरी कॉम्प्युटरवर उघडले तर निम्म्याहून जास्त आऊट. फार वाईट वाटलं. ती रात्र परत वर्षभर येत नाही.

दुसऱ्या दिवशी एकेक फोटो मोठा करून बघत बसलो. बऱ्याच फोटोंत मावळ्याचा चेहरा पुसट, पण पुढचा भगवा झेंडा अगदी धागान् धागा दिसेल असा. म्हणजे लेन्सने फोकस घेतला होता, जागा चुकली होती. फोकस पॉइंट ऑटोवर असला की कॅमेरा बहुतेक वेळा जवळची वस्तू धरतो. तेव्हापासून एकच पॉइंट मी स्वतः निवडतो. लेझीमवाल्यांच्या फोटोंत मात्र काहीच शार्प नव्हतं, सगळं एका दिशेला ओढल्यासारखं. तो फोकसचा दोषच नव्हे. १/६० सेकंदाच्या शटरवर नाचणारा माणूस हलणारच. आता १/२५० च्या खाली जात नाही, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, आणि कंटिन्युअस फोकस ठेवतो, म्हणजे माणूस हलला तरी कॅमेरा फोकस बदलत राहतो.

खरा छळ निराळाच होता. आत्तीचा फोटो काढला, दीड मीटरवरून, एफ १.८ ला, पॉइंट बरोबर डोळ्यावर. फोटो बघून ती म्हणाली, "डोळं सोडून कानच काय काढलास रे?" खरंच, कान शार्प होता. माझ्या क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) त्या अंतराला सगळी मिळून साधारण ६ सेंटिमीटरच डेप्थ, म्हणजे शार्प दिसणारी खोली, मिळते, त्यामुळे फोकस थोडा मागे पडला की डोळा गेलाच.

मग जुना 'तरुण भारत' भिंतीला ताठ चिकटवला, कॅमेरा ट्रायपॉडवर, अडीच मीटरवर, भिंतीला अगदी समांतर. दर वेळी फोकस अनंतावर नेऊन परत घ्यायचा. दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून, दहा लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूतले दहाही वाचता येत होते, व्ह्यूफाइंडरमधले दहाही किंचित पुसट. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेला कॅमेरा, माझा तोच) व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो, लाइव्ह व्ह्यूत तो फोटोच्या सेन्सरवरच. म्हणून हा फरक. काच चांगली होती, जुळणी चुकली होती. माझ्या कॅमेऱ्यात फोकसचं मायक्रो अॅडजस्टमेंट आहे, म्हणजे फोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सेटिंग. उणे ६ वर अक्षरं स्वच्छ आली. स्वस्तातल्या बऱ्याच बॉडींत ही सोय नसते. तिथे महत्त्वाचा फोटो लाइव्ह व्ह्यूतून काढावा, नाहीतर लेन्स आणि बॉडी दोन्ही एकत्र सर्व्हिसला द्यावीत. मिररलेसवाल्यांना (आरसा नसलेला कॅमेरा) ही भानगड जवळपास नसतेच, तिथे फोकस फोटोच्या सेन्सरवरच मोजला जातो.

हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात लेन्स पुढे-मागे फिरत राहिली, फोकस लागेना. अंधार आणि सपाट दगड, तिला पकडायला काही नाही. खांबाच्या कडेवर पॉइंट ठेवला, सोबतच्या मित्राने मोबाइलची टॉर्च धरली, लागला.

आणखी एक: ३५ सेंटिमीटरच्या आत ही लेन्स फोकस घेत नाही. कुंद्याच्या वाटीवर वाकलो तर शटरच दबेना, मला वाटलं बिघडली. थोडं मागे सरकलो, झालं.

पावसाळ्यात जांबोटीकडे गाडीच्या एसीतून बाहेर पडलं की काचेवर वाफ धरते. पुसू नका; बॅग बंदच ठेवून वीसेक मिनिटं थांबा. घरी सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर आपल्याकडच्या जून-जुलैच्या ओलीत बुरशी ठरलेली.

लेन्स ठेवली आहे. दिवाळीत आत्तीचा फोटो पुन्हा काढला, एफ २.२ ला, छिद्र थोडं लहान करून. पापण्या मोजता येतात. तो तिने फ्रेम करून मागितला.