मिनिटाला १ सेंट म्हणून घेतलेलं फोन करायचं ॲप मला मिनिटाला ९४ सेंटला पडलं

आधीच सांगते, मी भोळी नाही. लॉटरीचे मेसेज, 'तुमचं पार्सल अडकलंय'वाले फोन, हे सगळं मला कळतं. घरात इतरांना सावध करणारी मीच. म्हणूनच हे लिहायला लाज वाटतेय. पण गप्प बसले तर त्या लोकांचंच फावेल.

माझी मावशी परदेशात असते. वय ८१. स्मार्टफोन तिला जमत नाही, लँडलाइन आहे. आठवड्यातून एखादा फोन, तोही आठ-दहा मिनिटांचा, एवढीच माझी गरज. वर्षानुवर्षं स्काइप या इंटरनेटवरून फोन लावायच्या ॲपमध्ये थोडे पैसे भरून ठेवायचे आणि थेट तिच्या लँडलाइनवर लावायचे. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं आणि माझ्यासारखे कधीमधी फोन करणारे उघड्यावर पडले. दुसरं काहीतरी शोधताना एक ॲप सापडलं. नाव लिहीत नाही, कारण असली ॲप नाव बदलून पुन्हा येतात. पद्धत ओळखा.

'मिनिटाला १ सेंट' असं मोठ्या अक्षरात होतं. मी १० डॉलर भरले. हजार मिनिटं, म्हणजे दोन वर्षं बघायला नको, असा हिशेब मी केला. हा हिशेब कुणीही केला असता.

तेरा आठवड्यांत कार्डवरून ९० डॉलर गेले. सुरुवातीचे १० आणि मग २०-२० चे चार. मावशीशी मी बोलले एकूण ९६ मिनिटं, म्हणजे मिनिटाला जवळपास ९४ सेंट.

पैसे गेले कुठे, तर असे. १ सेंटचा दर महिन्याची योजना घेणाऱ्यांना, माझ्यासारखीला १२ सेंट. प्रत्येक कॉल जोडण्याचे वेगळे ९९ सेंट. वेळ तीन-तीन मिनिटांच्या टप्प्यात मोजायची, म्हणजे चार मिनिटं बोललात की सहाचे पैसे. त्यावर दर आठवड्याला 'देखभाल शुल्क' १ डॉलर ४९ सेंट, फोन करा किंवा करू नका. तेरा वेळा, १९ डॉलर ३७ सेंट. झालेल्या ११ कॉलचे २३ डॉलर ४९ सेंट. आणि मावशीने न उचललेल्या २९ कॉलचे ३९ डॉलर १५ सेंट. हो, न उचललेल्या! शिल्लक २ डॉलरच्या खाली गेली की आपोआप २० डॉलर भरायचे, या पर्यायापुढे टिकची खूण आधीपासूनच केलेली होती. मी केली नव्हती. पैसे भरण्याच्या पानावर अशी आधीच केलेली खूण दिसली की तिथल्या तिथे काढा.

रोज तासभर बोलणाऱ्याला या शुल्कांचं फारसं काही वाटत नाही. मरतो तो कधीमधी फोन करणारा. तो दोन आठवडे ॲप उघडत नाही, छोट्या रकमा तपासत नाही, आणि दरम्यान शिल्लक कुरतडली जाते.

आता जे मला झोपू देत नाही ते. दुसऱ्याच आठवड्यात मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि फोन स्पीकरवर लावून समोर ठेवला होता. पलीकडे रिंग वाजत होती, मावशीने उचललेला नव्हता, आणि स्क्रीनवर घड्याळ चालू होतं. ००:०६, ००:०७, ००:०८. मी ते पाहिलं. हातातला टॉवेल तसाच धरून पाहत राहिले. मनात पाल चुकचुकली, आणि मीच मनाची समजूत घातली की फोन लावल्यापासूनची वेळ दाखवत असेल. त्याच क्षणी कॉलची यादी उघडायला हवी होती! पुढे उघडली तेव्हा तो कॉल तिथेच होता: ३ मिनिटं, १ डॉलर ३५ सेंट. त्या दिवशी बघितलं असतं तर बाकीचे ८० डॉलर वाचले असते.

नंतर माझ्याच दुसऱ्या मोबाइलवर लावून पाहिलं. कानात रिंग ऐकू येतेय, घड्याळ पाच सेकंदांवर, आणि टेबलावरचा मोबाइल अजून गप्प. मग तो वाजला, आणि नंबर दिसला भलताच. ना माझा, ना ओळखीचा. मावशीही तेच म्हणाली, "अगं, दर वेळी वेगळाच नंबर येतो, बऱ्याचदा मी उचलतच नाही. मला वाटलं तू पूर्वीसारखे फोन करत नाहीस." म्हातारीला असं वाटत राहिलं, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

खरं तर कॉल उचलल्याचा संकेत पलीकडच्या नेटवर्कवरून यायचा असतो आणि तिथून पैसे सुरू व्हायचे असतात. आंतरराष्ट्रीय कॉल बऱ्याचदा मधल्या दोन-तीन कंपन्यांच्या हातातून जातो. त्यातली एखादी लबाड असली की हा संकेत आधीच पाठवते आणि आपल्याला रेकॉर्ड केलेली रिंग ऐकवत बसते. नवीन ॲप घेतलंत तर पहिला कॉल स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर लावा. उचलू नका. पैसे कापले गेले तर तिथेच थांबा.

आणि तक्रार? कंपनीकडे माणूसच नाही. चॅटवर तीच तीन उत्तरं. खातं बंद करा म्हटलं तर उरलेले ७ डॉलर ९९ सेंट परत मिळत नाहीत म्हणून गिळले. ॲप स्टोअर म्हणालं, पैसे आमच्यामार्फत भरलेले नाहीत. बँक म्हणाली, पहिल्या व्यवहाराला तुम्हीच संमती दिलीत, पुढचे त्याच संमतीवर झाले. मी म्हटलं, खूण मी केली नव्हती. "पण काढलीही नाही ना?" हे उत्तर मला, खातेदाराला! दूरसंचारवाल्यांच्या कार्यालयाने लिहिलं, कंपनी बाहेरच्या देशात नोंदलेली आहे, आमच्या कक्षेत येत नाही. ग्राहक तक्रारवाल्यांनी परत दूरसंचारकडे बोट दाखवलं. सायबर पोलिसांकडे तास-दीड तास बसले. रक्कम सांगितल्यावर समोरच्याने लिहिणं थांबवून विचारलं, "बस, ९० डॉलर?" माझ्यासारख्या किती जणांचे ९० डॉलर, हे विचारायला कुणालाच वेळ नाही. सात आठवडे ही टोलवाटोलवी चालली. प्रत्येकाने अर्ज घेतला, क्रमांक दिला आणि हात झटकले. चार तक्रार क्रमांक आहेत माझ्याकडे, उत्तर एकही नाही.

दोन्हीकडे इंटरनेट असेल तर ॲपवरून ॲपवर बोला, वेगळे पैसे पडत नाहीत. लँडलाइनवर लावायचं तर पलीकडच्या देशातली कंपनी कॉल पोचवण्याचे पैसे घेतेच, त्यामुळे 'फुकट' किंवा 'जवळजवळ फुकट' दिसलं की जोडणी शुल्क आणि मोजणीचा टप्पा आधी शोधा. मोजणी सेकंदावर हवी, फार तर मिनिटावर. लँडलाइनचा दर आणि मोबाइलचा दर वेगळा असतो, तोही बघा. नंबर +१ ने सुरू झाला म्हणजे अमेरिकाच, असंही नाही. कॅनडा आणि कॅरिबियनमधले कितीतरी देश त्यातच येतात, +१ ८७६ म्हणजे जमैका, आणि दर त्या त्या देशाचा लागतो. मुख्य कार्ड कुठेही देऊ नका, मर्यादा घातलेलं द्या. आधी आपल्याच मोबाइल कंपनीचा आंतरराष्ट्रीय पॅक विचारा. मला तो महाग वाटला होता म्हणून मी सोडला, आणि तो या ९४ सेंटांपेक्षा स्वस्त निघाला असता.

मी ते कार्ड बंद करून नवीन घेतलंय. आता मावशीचा नातू रविवारी तिच्याकडे येतो तेव्हा स्वतःचा फोन तिच्या हातात देतो आणि आम्ही बोलतो. बँकेकडे दुसरा अर्ज दिलाय, या वेळी न उचललेल्या २९ कॉलची यादी आणि टेबलावरच्या गप्प मोबाइलचा व्हिडिओ जोडून. तुमच्या ॲपचं घड्याळ रिंग वाजतानाच धावत असेल, तर तुम्हीही आजच व्हिडिओ काढून ठेवा. माझ्या ॲपमधली जुन्या कॉलची यादी खातं बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी गायब झाली, माझ्याकडे उरले ते फक्त आधी काढलेले स्क्रीनशॉट.