एमपीएच केलं, पैसे वसूल झाले का?

कळव्यात चार वर्षं दातांचा दवाखाना चालवल्यावर मी एमपीएचला, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थला प्रवेश घेतला. नवी मुंबईतलं खाजगी कॉलेज, नाव लिहीत नाही. दोन वर्षांची फी सव्वातीन लाख. रोज ठाण्याला गाडी बदलून पनवेल लोकल.

आधी रड. बायोस्टॅटचे, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राचे सर स्लाइड वाचून दाखवायचे. एपि इन्फो हे साथींच्या आकडेवारीचं सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, तरी ते लॅबमध्ये टाकायला कॉलेजला दुसरं सेमिस्टर उजाडलं. लॉजिस्टिक रिग्रेशन ही आकडेमोडीची पद्धत मी घरी, लेक झोपल्यावर, ‘आर’ या सॉफ्टवेअरवर धडपडत शिकले. प्रॉस्पेक्टसमध्ये ‘१०० टक्के प्लेसमेंट’ होतं. प्रत्यक्षात दोन वर्षांत एक कंपनी आली, तीही विम्याचे क्लेम तपासायला माणसं हवीत म्हणून. आणि हो, एमपीएच झाल्यावर पेशंट तपासता येतात असं बीएस्सीवाल्या एका मैत्रिणीला शेवटपर्यंत वाटत होतं. नाही येत.

एपिडेमिऑलॉजीच्या, म्हणजे साथरोगशास्त्राच्या मॅडमसाठी मात्र पुन्हा फी भरेन. पहिल्या तासाला सगळीकडे १८५४ चं लंडन आणि डॉक्टर जॉन स्नोनं कॉलऱ्याचं मूळ म्हणून शोधलेला पाण्याचा पंप असतो. मॅडमनी १८९६ चा मुंबईतल्या मांडवीचा प्लेग काढला. शास्त्रज्ञ हाफकिननं जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. कैद्याच्या ‘हो’ला संमती म्हणायचं का, यावर तास संपून डबे उघडले तरी वाद चालूच.

मंगळवारी फील्ड. तुर्भे स्टोअरला आम्ही डेंग्यूसाठी ५० घरांतली पाण्याची भांडी तपासली. पिंपात मोबाइलचा उजेड मारला की अळ्या वळवळत तळाला जातात, म्हणून घाई करायची नाही. ९ घरांत, १४ भांड्यांत अळ्या सापडल्या. म्हणजे हाउस इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्यांची घरं) १८, ब्रेटो इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्यांची भांडी) २८. मी खूश, आकडे छान आले! एका आजींच्या हातात ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’चा, म्हणजे त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करा असं सांगणारा कागद दिला.

“पाणी दिवसाआड येतं, तेही पहाटे चारला. पिंप ओतून टाकू नि प्यायला काय देऊ, तुझा कागद?”

रिपोर्टात मी तरीही ‘जनजागृती करावी’ लिहिलं. मॅडमनी ते लाल पेनाने खोडून समासात लिहिलं, ‘पाणी किती वाजता येतं ते विचारलं का?’ पुढच्या मंगळवारी आजींच्याच जुन्या साडीचा तुकडा इलॅस्टिक लावून पिंपावर बसवला. त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला आणि शेजारणीला हाक मारली.

सध्या एका संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर आहे, पगार दवाखान्यापेक्षा कमी. पाचपैकी साडेतीन स्टार. प्रवेशाआधी ऑफिसात मागच्या बॅचचे फील्ड रिपोर्ट मागून बघा, प्रॉस्पेक्टस नंतर चाळा. लायब्ररी डिपॉझिटचे पाच हजार अजून परत आलेले नाहीत.