भोसरीतली टेस्टिंग लॅब : चार स्टार, पाचवा जेवणाच्या सुट्टीत गेला

आमचं छोटं वर्कशॉप, फिक्श्चर (मशीनवर तुकडा घट्ट पकडून ठेवायची साधनं) बनवतो. दिवाळीच्या आधी एका पार्टीचा फोन. "अहो, तुमच्या बोल्टांची डोकी आपोआप उडतायत." एम8 चे ॲलन बोल्ट, ग्रेड 12.9 म्हणजे खूप कडक पोलाद, वर पिवळं झिंक प्लेटिंग. संध्याकाळी आवळून गेले, सकाळी चार डोकी जमिनीवर. कुणी हातही लावला नव्हता.

आधी दुसरीकडे टेन्साइल टेस्ट, म्हणजे बोल्ट ओढून तोडायची, करून घेतली. 12.9 च्या एम8 ला किमान 44.6 किलोन्यूटन लागतात, आमचा 46 च्याही वर तुटला. रिपोर्ट पास! तो पार्टीला पाठवला, तर म्हणाले, "मग मशीनला रिपोर्टच आवळू का?"

म्हणून या लॅबमध्ये आलो. काउंटरवरच्या मॅडमनी बोल्ट हातात घेतला आणि एकच प्रश्न केला, "काका, प्लेटिंगनंतर बेकिंग केलं होतं?" मी गप्प. प्लेटरला फोन लावला, तो म्हणे तुम्ही सांगितलंच नव्हतं. खरं होतं. चलनावर नुसतं 'यलो झिंक' लिहिलेलं.

ॲसिडच्या टाकीत आणि प्लेटिंग होताना हायड्रोजन पोलादात शिरतो. इतक्या कडक मालाला तो सोसत नाही. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल 200 अंशांच्या आसपास भट्टीत घालून बराच वेळ भाजला, म्हणजेच बेकिंग केलं, तर हायड्रोजन निघून जातो. तो आत राहिलाय हे टेन्साइल मशीनवर कळत नाही, कारण तिथं बोल्ट झटक्यात ओढतात. हा आजार ताण धरून ठेवल्यावर तासांनी उठतो. म्हणून यांनी बारा बोल्ट जाड प्लेटवर टॉर्क रेंचनं आवळले आणि 48 तास तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो, तर समोरच टक् करून एक डोकं वरच्या जाळीवर आपटलं. मी दचकलो, मॅडम वहीत वेळ लिहीत होत्या. एकूण तीन गेले. तिन्ही डोक्याच्या मुळाशी, जिथं गोलाई असते तिथंच. बाहेरून काढून आणलेल्या एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) फोटोत तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी कणीदार दिसते. त्याचे पैसे वेगळे पडले, पण प्लेटरपुढं ठेवायला तोच फोटो कामाला आला.

आता तक्रारी. एक ते सव्वादोन काउंटर बंद, सॅम्पल घ्यायलाही माणूस नाही. रिपोर्ट पाच दिवसांत म्हणाले, अकरा लागले. एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, शिक्का फक्त हार्डनेसच्या (कडकपणाच्या टेस्टच्या) पानावर. 48 तासांची टेस्ट लॅबच्या स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या टेस्टच्या यादीत) नाही म्हणून त्या पानावर नाही. पार्टीनं त्यावरून किरकिर केली. पैसे भरण्याआधी स्कोपचं पान मागून घ्या.

तुटलेले तुकडे मात्र लॉट नंबर टाकून पिशवीत परत देतात. येताना ती पिशवी प्लेटरच्या टेबलावर ठेवली आणि नवीन चलन लिहिलं : 'यलो झिंक, बेकिंगसह, भट्टीचा चार्ट जोडणे.'