जग्वार मार्क टूमधील अक्रोडी विनियरची दुरुस्ती: वॉरिकशरमधील एका कार्यशाळेचा अनुभव

माझ्याकडे १९६३ सालची जग्वार मार्क टू आहे, ३.४ लिटर इंजिनाची. तिच्या डॅशबोर्डवरील अक्रोडाच्या विनियरची, म्हणजे साध्या लाकडावर चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याची, दुरुस्ती मी गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधील वॉरिकशरच्या एका लहानशा कार्यशाळेत करून घेतली. टाटा मोटर्सने २००८ साली जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यानंतर पुण्याहून कॉव्हेन्ट्री परिसरात आलेल्या माझ्या परिचयाच्या अभियंत्यांपैकी तिघांकडे आज अशा जुन्या गाड्या आहेत. इंजिन, ब्रेक, गंज यांविषयी आम्ही एकमेकांना बरेच काही सांगू शकतो, पण लाकडाचा विषय निघाला की सगळेच गप्प होतात. म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. कारागिरांचे नाव त्यांच्याच विनंतीवरून देत नाही. ते सत्तरीच्या घरात आहेत, एकटेच काम करतात आणि हाती असलेली कामेच त्यांना पुरेशी आहेत.

मार्क टू ऑक्टोबर १९५९ मध्ये बाजारात आली आणि कॉव्हेन्ट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात तयार झाली. तिच्या आत लाकूड पुष्कळ आहे: समोरच्या काचेखालची लांब पट्टी, चालकासमोरच्या घड्याळांची चौकट, ग्लोव्ह बॉक्सचे झाकण, चारही दारांवरच्या पट्ट्या आणि पुढच्या आसनांच्या पाठीला लावलेली, उघडता येणारी लहान टेबले. हे लाकूड भरीव अक्रोडाचे नसून साध्या लाकडावर चिकटवलेल्या, मिलिमीटरपेक्षाही पातळ अक्रोडी पापुद्र्याचे आहे. एका गाडीचे सगळे भाग एकाच लॉटमधील विनियरने मढवलेले असावेत, म्हणजे त्यांची नक्षी आणि छटा एकमेकांशी बोलतात. माझ्या गाडीतील भाग काढले तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलेला एकच आकडा सापडला. कोणत्या कामगाराने तो लिहिला असेल ते कळण्याचा मार्ग नाही, परंतु हे सर्व भाग साठ वर्षे एकत्र राहिले आहेत याचा तो पुरावा होता आणि त्यांपैकी एकही भाग बदलायचा नाही, हा माझा निर्णय तिथेच पक्का झाला.

बिघाड दोन ठिकाणी होता. काचेभोवतीच्या रबरातून वर्षानुवर्षे पाणी झिरपल्यामुळे काचेखालच्या पट्टीचे डावे टोक काळे पडून फुगले होते आणि उरलेल्या लांबीवर उन्हाने लॅकरला, म्हणजे लाकडावरच्या पारदर्शक चकचकीत लेपाला, मगरीच्या कातडीसारख्या भेगा पडल्या होत्या. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर कोणीतरी पूर्वी एक जादा स्विच बसवला होता. तो काढल्यावर साधारण पंचवीस मिलिमीटर व्यासाचे भोक उरले होते. बाकीचे भाग निस्तेज असले तरी शाबूत होते.

मी आधी ज्या दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो, तेथे मला सगळे जुने विनियर उतरवून त्याजागी गाठीच्या अक्रोडाचा नवा संच बसवण्याचा सल्ला मिळाला. असा संच दिसायला श्रीमंत असतो यात वाद नाही. पण गाठीच्या अक्रोडाची भोवऱ्यांची दाट नक्षी आणि माझ्या गाडीतील लांब, शांत, किंचित लहरी रेषांची नक्षी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेथील गृहस्थांनी नमुन्याचा तुकडा ट्यूबलाइटखाली दाखवला, गाडीपर्यंत येण्याची तसदी घेतली नाही आणि पाठीवरच्या आकड्यांकडे पाहिलेही नाही. तेथे काम देण्याचे मी टाळले.

या कारागिरांची पद्धत पहिल्याच भेटीत वेगळी जाणवली. त्यांनी सर्व भाग गाडीत बसवलेले असतानाच पाहायला मागितले, तेही सकाळच्या ढगाळ उजेडात आणि गाडीची चारही दारे उघडून. त्यांनी सांगितलेले कारण मला तेव्हा नवे होते. विनियरमधील तंतू पृष्ठभागाशी थोडे तिरपे असतात, त्यामुळे विनियरचे एकच पान, म्हणजे एकच पातळ पापुद्रा, एका बाजूने पाहिले तर उजळ आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर गडद दिसते. पुस्तकाची दोन पाने उघडावीत तशी लागोपाठची दोन पाने आरशातल्यासारखी शेजारी लावली, तर त्यांतील एकाची वरची बाजू दिसते आणि दुसऱ्याची खालची, म्हणून छटेतील फरक कधीही पूर्ण जात नाही. टेबलावर आडवे ठेवून जुळवलेले ठिगळ गाडीत उभे बसवल्यावर परके दिसते ते याचमुळे. त्यांनी प्रत्येक भागावर खडूने लहान बाण काढून उजेड कुठून येतो आणि बसणाऱ्याची नजर कुठून पडते ते नोंदवले, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर जुळणी त्याच कोनातून तपासली.

दुसरी अडचण रंगाची. बहुतेकांचा समज असतो की जुने लाकूड काळवंडते, म्हणून नव्या तुकड्याला गडद रंग दिला की काम झाले. अक्रोडाचे मात्र उलट असते. उजेडात ते वर्षानुवर्षे फिके होत जाते आणि चॉकलेटी तपकिरीवरून मधाच्या रंगाकडे झुकते. त्याच वेळी त्यावरचे जुने लॅकर पिवळे पडत असते. आपल्याला दिसणारा उबदार रंग हा या दोन्हींची बेरीज असतो. लॅकर उतरवले की खाली अनपेक्षितपणे फिकट, काहीसे राखाडी लाकूड निघते आणि त्याच्या शेजारी नवे अक्रोड ठेवले की ते कितीतरी गडद भासते. म्हणजे नव्या तुकड्याला म्हातारे करायचे तर आधी त्याचा रंग कमी करावा लागतो आणि मग लॅकरने जी ऊब दिली होती ती वेगळ्या मार्गाने परत आणावी लागते.

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणासाठी त्यांनी ही अडचण मुळातच टाळली. भंगारात गेलेल्या त्याच काळातील गाड्यांच्या तुटक्या दारपट्ट्या ते जपून ठेवतात. अशा एका पट्टीवरचे विनियर त्यांनी ओले फडके आणि इस्त्री यांच्या साहाय्याने सावकाश सैल करून पातळ सुरीने उचलले. ते पान माझ्या झाकणाइतकीच वर्षे उजेडात राहिलेले असल्यामुळे रंग जवळजवळ आपोआप जुळला. ठिगळ त्यांनी गोल कापले नाही. भोकाच्या दोन्ही बाजूंना रेषेच्या वळणावळणाने जाणारा, टोकांना निमुळता होणारा, होडीसारखा आकार त्यांनी कागदावर काढला, जुने व नवे विनियर त्याच आकारात कापले आणि सांधा नेहमी गडद रेषेच्या कडेने नेला, कारण रेषेला आडवा छेद डोळ्यांना लगेच सापडतो आणि रेषेच्या बाजूने गेलेला छेद नक्षीत हरवतो. चिकटवण्यासाठी त्यांनी गरम सरस वापरला. पुढे कधी कोणाला हे ठिगळ काढावेसे वाटले, तर उष्णता आणि ओलावा देऊन ते बाजूच्या मूळ लाकडाला इजा न करता काढता येईल. हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

काचेखालच्या पट्टीला मात्र अखंड लांब पान हवे होते आणि तेवढे जुने पान मिळणे शक्य नव्हते. त्यांनी प्रथम काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने काढून पाहिले. लोखंडी स्क्रूचा गंज आणि अक्रोडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने पडलेला काळेपणा त्याने बराच निघाला, परंतु टोकाकडचे विनियर इतके कुजले होते की त्याला आधार उरला नव्हता. शेवटी डाव्या टोकाकडील सुमारे तीस सेंटिमीटरचा भाग नव्या पानाने मढवायचा आणि उरलेले मूळ ठेवायचे असे आम्ही ठरवले. साठ्यातील अकरा पानांपैकी माझ्या पट्टीच्या रेषांशी लय जुळणारे एक पान निवडायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. मी तेथेच बसून होतो, आणि ती दुपार वाया गेली असे मला क्षणभरही वाटले नाही. निवडलेले पान त्यांनी अतिनील दिव्याखाली कित्येक आठवडे ठेवले. तीव्र रासायनिक ब्लीचने हेच काम एका दिवसात होते, परंतु त्याने लाकडातील गडद आणि फिकट रेषांमधला फरकही पुसला जातो आणि पान निर्जीव दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. उरलेला फरक त्यांनी पारदर्शक रंगद्रावणाच्या अगदी विरळ हातांनी भरून काढला. रंगाची भुकटी असलेले दाट स्टेन त्यांनी वापरले नाही, कारण ती भुकटी लाकडाच्या रंध्रांत बसते आणि नक्षीवर धुके पसरल्यासारखे होते.

लॅकरच्या आधी त्यांनी मेण काढलेल्या चपडा लाखेचे दोन पातळ हात दिले. जुने आणि नवे लाकूड, सरस, रंग या सगळ्यांवर समान बसणारा आणि वरच्या थराला धरून ठेवणारा असा तो अस्तर आहे, आणि त्यातूनच ती हरवलेली मधाळ ऊबही परत आली. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून ते लांब, न थांबणारे हात फिरवत होते तेव्हा मला सदाशिव पेठेतील आजीच्या शिसवी कपाटाला पॉलिश करायला येणारे मिस्त्री आठवले. तोच स्पिरिटचा वास, तीच मनगटाची गोलाई. मी त्यांना सांगितले की ही लाख आमच्याकडची आहे आणि लॅकर हा शब्दसुद्धा संस्कृतातील ‘लाक्षा’पर्यंत मागे नेता येतो. त्यांनी हातातील बोळा खाली ठेवून तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

त्यावर स्वच्छ लॅकरचे आठ हात झाले. मधल्या काळात लॅकर आकसून रंध्रांमध्ये खाली बसते, म्हणून शेवटची घासाई त्यांनी तीन आठवडे थांबून, पाण्याच्या पॉलिश पेपरने केली. या टप्प्यावर घाई झाली तर महिन्याभरात पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसू लागतात.

आता कामाचे मूल्यमापन. ग्लोव्ह बॉक्सचे ठिगळ मला स्वतःला दाखवल्याशिवाय सापडत नाही. काचेखालच्या पट्टीवरील सांधा दिवसाच्या उजेडात चालकाच्या आसनावरून दिसत नाही. संध्याकाळी रस्त्यावरचे पिवळे दिवे लागले की नवा भाग किंचित लालसर वाटतो. एका प्रकाशात जुळलेले दोन रंग दुसऱ्या प्रकाशात फारकत घेतात, याची कल्पना त्यांनी मला आधीच दिली होती, त्यामुळे मी हा दोष धरत नाही. चकाकीबाबत मात्र माझे समाधान झाले नाही. दुरुस्त केलेले दोन भाग काचेसारखे चमकतात आणि शेजारच्या जुन्या दारपट्ट्या रेशमासारख्या मंद आहेत. रंग आणि नक्षी इतक्या निगुतीने जुळवल्यावर चकाकीही एक पायरी खाली आणायला हवी होती. मी हे बोलून दाखवले तेव्हा त्यांनी मान्य केले आणि लॅकर पूर्ण कडक झाल्यावर, सहा महिन्यांनी, विनाशुल्क ती मंद करून देण्याचे कबूल केले.

दुसरी तक्रार संवादाची आहे. आठ आठवडे सांगितलेले काम चौदा आठवड्यांनी हाती आले. उशिराचे कारण पटण्यासारखे होते, पण ते मला प्रत्येक वेळी स्वतः फोन करून विचारावे लागले. अंदाजपत्रकही तोंडी होते: ८५० पौंड सांगितले होते आणि अखेरीस १,०४० पौंड झाले. वाढलेली रक्कम पट्टीच्या खालच्या कुजलेल्या लाकडाच्या दुरुस्तीची होती आणि ते काम मी पाहिले असल्यामुळे पैशांबद्दल कुरकुर नाही, मात्र काम सुरू करण्यापूर्वी दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या. तुम्ही अशा एकट्या कारागिराकडे जाणार असाल तर त्या दोन ओळी आग्रहाने मागा, आणि भाग काढण्यापूर्वी प्रत्येकाची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घेऊन ठेवा. काचेचे रबर बदलल्याशिवाय पट्टी परत बसवू नका, हे त्यांनी मला बजावून सांगितले होते. मी ते बदलले, आणि यंदाच्या पावसात डावे टोक कोरडे राहिले आहे.

दारांच्या चार पट्ट्या आणि मागची टेबले मी पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याकडेच देणार आहे. निवडलेल्या पानाचा उरलेला तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हवाली केला आणि त्याच्या पाठीवर, न सांगता, माझ्या गाडीचा तोच आकडा पेन्सिलने लिहिला होता.